दारात थांबणाऱ्यासाठी

कुठल्याही घराचा नकाशा हातात आला की मी आधी दरवाजा शोधते. पहिलं पाऊल कुठे पडतं, चपला कुठे निघतात आणि ज्याला आत यायचंच नाही तो माणूस उभा कुठे राहतो, एवढं पाहिलं की त्या घराचा अर्धा स्वभाव कळतो. हल्लीच्या बहुतेक फ्लॅटमध्ये या प्रश्नांना उत्तरच नसतं. दार उघडलं की थेट हॉल, समोर सोफा आणि टीव्ही. कार्पेट एरियातला एकेक फूट हॉलमध्ये दाखवायचा, तर दाराआतली चार पावलांची जागा सगळ्यात आधी जाते. मग चपला जिन्यात येतात, सेफ्टी डोअरच्या बाहेर पसरतात आणि कुरिअरवाल्याला सही करायला पाठ टेकायलाही भिंत मिळत नाही. मला हे खटकतं, फार खटकतं.

आईच्या सोलापूरच्या घराचा दर्शनी भाग नव्याने करायची वेळ आली तेव्हा म्हणूनच मी ते काम हट्टाने मागून घेतलं. घर बैठं, जुनं, दगडमातीच्या जाड भिंतींचं. रस्त्यावरच्या दारातून आत आलं की एक लांबट अंधारी जागा, मग दुसरं दार, मग घर. त्या जागेतली मोझॅक टाइल खचली होती आणि भिंतींचं प्लास्टर पोपडे धरून सुटत होतं. भाऊ म्हणाला, ‘‘टाइल बसवून टाकू, दोन दिवसांत काम मोकळं.’’ मला तिथे दगड हवा होता आणि भिंती अशा हव्या होत्या की रंग कोणता होता हे पाहुण्याला घरी गेल्यावर आठवू नये.

दगड कोणता, याचा मला विचार करावा लागला नाही. सोलापुरात राहून दुसरीकडचा दगड आणायचा कशाला? रेल्वेने वाडी जंक्शनकडे निघालं की कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागतं. ज्या फरशीला सगळा महाराष्ट्र ‘शहाबादी’ म्हणतो ती या भागातल्या खाणींची. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक. फार प्राचीन काळी उथळ समुद्राच्या तळाशी बारीक गाळ थरावर थर साचत गेला आणि त्याचा हा दगड झाला. म्हणूनच तो थरांतच सुटतो. छिन्नी योग्य जागी लागली की जुन्या वहीची पानं सुटावीत तसा सरळ पातळ तुकडा वेगळा होतो. आपला काळा पाषाण असा सुटत नाही. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्याला टाकी मारून मारून घडवावं लागतं. म्हणून जोती, पायऱ्या, देवळं आणि किल्ले काळ्या दगडात झाले आणि घरातली जमीन शहाबादीची झाली.

रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आली आणि १८७१ पर्यंत रायचूरला पोचली. खाणींच्या दारातूनच रूळ गेले, त्यामुळे हा जड, स्वस्त दगड दूरच्या शहरांत नेणं परवडू लागलं. चाळींच्या गॅलऱ्या, शाळांचे व्हरांडे, सरकारी कचेऱ्या, रेल्वेचे फलाट. ज्याचं लहानपण अशा जागी गेलं त्याच्या गुडघ्यांना ही फरशी नीट ओळखते. पुढे मोझॅक आली, मग संगमरवर, मग चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, आणि शहाबादी मागच्या अंगणात, मोरीत, फुटपाथवर ढकलली गेली. भावाचा पहिला प्रश्न तोच होता, ‘‘ताई, शहाबादी? बाथरूमबाहेर घालतात ती?’’ मी म्हटलं, हो, तीच. जी फरशी रोज बादलीभर पाणी, साबण आणि घासणी सोसून पन्नास-पन्नास वर्षं टिकते ती दारात का चालू नये? घरातल्या सगळ्या जमिनीत जास्तीत जास्त माती, पाणी आणि वजन दारातच येतं.

आणि सोलापूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. बाहेरून आलेल्या माणसाने चपला काढून पहिलं पाऊल दगडावर ठेवलं की जे होतं ते सांगून कळायचं नाही. सावलीत असलेला जाड दगड रात्रीचा गारवा बराच वेळ धरून ठेवतो आणि पायाची ऊब चटकन ओढून घेतो, कारण एवढंच. पण त्या क्षणी चेहऱ्यावरचा आठ्यांचा गुंता सुटताना मी पाहिला आहे, आणि कुणाला पाणी विचारायच्याही आधी घराने काहीतरी दिलेलं असतं.

फरशी निवडायला आम्ही होटगी रस्त्याच्या बाजूच्या एका वखारीत गेलो. दगड उभ्या रांगांमध्ये रचलेले होते. पहिल्या नजरेला सगळे करडे. मिस्त्रींनी पाणी मागवून एकेका फरशीवर ओतलं तेव्हा खरे रंग वर आले: एक निळसर, एक हिरवट, एकीत तपकिरी ढग, एकीत केसासारखी पांढरी शीर. ही शीर दिसली की मिस्त्री फरशी बाजूला काढायचे. ‘‘ह्या ठिकाणी उद्या चीर जाणार,’’ म्हणाले. मग बोटाच्या पेराने वाजवून बघायचे. चांगली फरशी खणखणीत वाजते. आत थर सुटलेला असेल तर आवाज बसका येतो. दोन बाय दोनच्या, साधारण सव्वा इंच जाडीच्या, वरून नैसर्गिक खरखरीत आणि कडेने मशीनने कापलेल्या फरश्या घेतल्या. पॉलिश नको असं मी बजावून सांगितलं.

पॉलिशबद्दल माझं मत कडक आहे. दारात आरशासारखा ग्रॅनाइट घालणं म्हणजे पावसाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला संकटात टाकणं. माझी आत्या एका ओळखीच्या घरी अशाच ओल्या ग्रॅनाइटवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. त्या घरच्यांनी ती फरशी हौसेने, भरपूर पैसे घालून बसवली होती. दगडाचा दोष नव्हता, त्याच्यावरच्या झिलईचा होता. तोच ग्रॅनाइट खरखरीत ठेवला असता, नाहीतर हल्ली ‘लेदर फिनिश’ म्हणतात तसा करून घेतला असता, तर पाय ठरला असता.

खरखरीत दगडाचं आणखी एक सुख रांगोळी काढणाऱ्यालाच कळतं. गुळगुळीत टाइलवर चिमटीतून सुटलेली रांगोळी पसरते, दार उघडताना आलेल्या वाऱ्याने सरकते. ठिपके धूसर होतात. शहाबादीच्या बारीक उंचसखलपणात शिरगोळ्याची पूड बसते आणि रेघ जिथे ओढली तिथे राहते. शिवाय करडा रंग. पांढऱ्या टाइलवर पांढरी रांगोळी दिसत नाही म्हणून लोक प्लास्टिकचे स्टिकर चिकटवतात. आईने वास्तूनंतर पहिल्या सकाळी नुसती पांढरी, दोन बोटांची गोपद्मं काढली. रंग भरायची गरजच पडली नाही.

बसवण्याच्या कामात मी रोज समोर उभी होते. आधीची टाइल काढून खालची भराई चोपली, त्यावर सिमेंट-वाळूचा कोरडसर माल पसरला, पाणसळीने लेव्हल घेतली. रस्त्याच्या बाजूला अगदी हलका ढाळ ठेवला, की धुतलेलं पाणी आत न येता बाहेर जावं. फरशी ठेवून लाकडी ठोकळ्याने चारी कोपरे ठोकायचे, मग थापीच्या दांड्याने टकटक करत कान द्यायचा. एका फरशीपाशी मिस्त्री थांबले. पुन्हा वाजवली. ‘‘पोकळ बोलतीया,’’ म्हणाले आणि नुकतीच बसवलेली फरशी उचकटून पुन्हा माल भरला. खाली पोकळी राहिली तर वर जड कपाट सरकवताना फरशी तिथेच फुटते. मला वाटतं, घराच्या कामात पैसे कशाचे द्यायचे असतात तर अशा ऐकण्याचे. सांधे पातळ ठेवले आणि ते भरताना सिमेंटमध्ये दगडाचीच भुकटी मिसळली, त्यामुळे रेघा काळ्या उठल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र आधीच बजावून ठेवावी लागते. काम संपलं की फरशीवरचे सिमेंटचे डाग घालवायला अ‍ॅसिड मारायची पद्धत आहे. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर यांच्यावर अ‍ॅसिड मारू देऊ नका. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. अ‍ॅसिड पडलं की फसफसतात आणि वरचा थर खाल्ला जाऊन कायमचे पांढुरके, रापलेले डाग पडतात. संडास साफ करायचं लिक्विड, व्हिनेगर, अगदी लिंबाचा रससुद्धा तेच करतो. दाराला लिंबू-मिरची बांधायची असेल तर खाली थेंब पडणार नाही इतकी बाजूला बांधा. पणतीखाली ताटली ठेवा, कारण तेल हा दगड पिऊन टाकतो. रोजच्या पुसण्याला साधं पाणी पुरतं.

आता भिंती. त्यांची गोष्ट फरशीपासून वेगळी नाही, हे मला काम करतानाच उमगलं.

आधीच्या खेपेला या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर आणि वरून ऑइल पेंट दिला होता. दगडमातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि बाहेर सोडते. तिच्या अंगावर सिमेंट आणि तेलाचं कवच घातलं की ओल आत कोंडते आणि जागा मिळेल तिथून कवच फोडते. पोपडे त्याचेच होते. म्हणून सगळं खरवडून चुना-वाळूचं प्लास्टर केलं आणि वर चुन्याचाच हात दिला. चुना म्हणजे काय? हाच चुनखडक साधारण ९०० अंशांच्या भट्टीत भाजायचा. त्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात टाकला की तो उकळतो, फुलतो, विरतो. भिंतीला लावला की हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुन्हा चुनखडक होतो. पायाखाली शहाबादी आणि बाजूला चुन्याची भिंत म्हणजे एकच खनिज आहे, एक खाणीतून जसंच्या तसं आलेलं आणि दुसरं आगीतून, पाण्यातून आणि हवेतून फिरून आलेलं. दोन्ही एकमेकांना का शोभतात याचं मला मिळालेलं सगळ्यात समाधानकारक उत्तर हे आहे.

चुन्याचा हात देताना बघणं हा वेगळाच आनंद. ओला असताना भिंतीवर काहीच दिसत नाही; नवा माणूस घाबरतो, ब्रश जाड भरतो. अनुभवी माणूस पातळच लावतो आणि वाट बघतो. तासाभरात एका कोपऱ्यातून पांढरेपणा उमटू लागतो. मी तिसऱ्या हाताला चुन्यात अगदी थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती, घालायला सांगितली. नुसता पांढरा चुना उन्हाच्या तिरिपेत डोळ्यांना टोचतो, आणि लोक सांगतात तसा फिकट राखाडी रंग दिला असता तर करड्या फरशीच्या जोडीने ती अरुंद जागा उदास दिसली असती. थंड रंगाच्या दगडाला भिंतीत किंचित ऊब लागते. हा निर्णय कॅटलॉग बघून घेऊ नये. भिंतीवर हातभर चौकोन रंगवून ठेवायचा, सकाळी बघायचा, दुपारी बघायचा, आणि मुख्य म्हणजे रात्री दिवा लावून बघायचा. दिव्यावर फार अवलंबून असतं. ६५०० केल्व्हिनचा पांढराफटक एलईडी लावला तर पिवडीचा सगळा गोडवा मरतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावला की भिंत जिवंत होते आणि माणसाचा चेहरा आजारी दिसत नाही.

चेहऱ्याचंच महत्त्व आहे, म्हणून तर रंगाचा गाजावाजा नको होता. दारातल्या भिंतीवर भडक पेपर, थ्रीडी पॅनेल, कारंजं, बुद्धाचा मुखवटा आणि त्यावर फोकस लाइट लावलेली घरं मी पाहिली आहेत. आत शिरणाऱ्याला आधी ते सगळं बघावं लागतं, मग दार उघडणारा माणूस दिसतो. साध्या भिंतीसमोर दार उघडणारी माझी आई दिसते. तेवढं पुरे आहे.

चुन्याचा एक त्रास खरा आहे: टेकलं की पाठ पांढरी होते. डिंक घातल्याने ते कमी होतं, थांबत नाही. माणसं दारात भिंतीला हात टेकून एका पायावर उभी राहून चपला काढतात. बहुतेक घरांत खांद्याच्या उंचीवर तळव्यांचे काळे डाग असतात ते त्यामुळे. डाग पुसणारा रंग शोधण्यापेक्षा बसायला जागा द्यावी असं मला वाटलं. म्हणून एका बाजूला सोळा इंच उंच दगडी कट्टा बांधला, वर एकसंध शहाबादी, कडा गोल घासलेल्या. खाली चपलांना जागा. आईचे गुडघे दुखतात. ती आता बसून चपला घालते आणि उठताना शेजारच्या कोनाड्याच्या कडेचा आधार घेते. तो कोनाडा जुनाच, प्लास्टरमागे बुजवलेला सापडला. आता त्यात किल्ल्या असतात आणि पोस्टमनने दिलेली पाकिटं.

या जागेला आमच्याकडे जुनी माणसं ढाळज म्हणतात. वाड्यांच्या दारात दोन्ही बाजूंनी ओटे असलेली, छप्पर असलेली जागा. कोकणात हे काम पडवी करते आणि गोव्याच्या घरांत बल्कांवावरची, म्हणजे दारापुढच्या व्हरांड्यातली, दगडी बाकं. बाहेरचं आणि आतलं यांच्यामध्ये माणसाला थांबता यावं, ही त्या सगळ्यांमागची समज. पण त्या समजुतीचं नुसतं कौतुक करून मला पुढे जाता येत नाही. ढाळजेने माणसं बसवली तशी वेगळीही केली. कुणी ओट्यावर बसायचं, कुणी खाली, कुणी उंबऱ्याबाहेर उन्हात, आणि कुणाच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचं, हे सगळं याच चार पावलांत ठरत होतं.

आमच्या जिल्ह्यात हे विसरणं शक्यही नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायाची धूळ आपल्या अंगावर पडावी म्हणून नामदेवांनी दाराची पायरी मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या पायरीसमोरच चोखोबांची समाधी. ज्यांना आयुष्यभर आत येऊ दिलं नाही त्या चोखोबांचा मृत्यू १३३८ मध्ये मंगळवेढ्याला, गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून झाला. आणि त्या देवळाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं असताना, उपोषणाला बसावं लागलं. दारातला दगड आणि दाराजवळची भिंत हे माझ्यासाठी सजावटीचे विषय राहत नाहीत ते यामुळे.

म्हणून कट्टा एकच केला. पाहुण्यांना आत वेगळी खुर्ची आणि कामाच्या बाईंना दारात पायरी, असं नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशी, गॅसचा सिलिंडर आणणारा मुलगा, मी आणि माझा भाऊ त्याच कट्ट्यावर बसतो, चपला त्याच फळीवर जातात. मावशी पहिले काही दिवस कट्ट्यावर टेकायला तयार नव्हत्या, जमिनीवरच बसायच्या. आई एकदा त्यांच्या शेजारी जाऊन कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, ‘‘इथं बस गं, मला एकटीला बसून कंटाळा येतो.’’ आता दुपारचा चहा दोघींचा तिथेच होतो.

उंबऱ्यावरून घरात बरीच चर्चा झाली. आईला उंबरा हवाच होता. हळदीकुंकू वाहायचं कुठे आणि नवी सून माप ओलांडणार कुठून? पण जुना उंबरा चार इंच उंच होता आणि आईलाच तो ओलांडताना चौकट धरावी लागे. शेवटी काळ्या पाषाणाची एक पट्टी बसवली, फरशीपासून जेमतेम अर्धा इंच वर, दोन्ही कडा उतरत्या. दिसतो उंबरा, पूजाही होते आणि उद्या वॉकर आला तरी चाक अडणार नाही.

फ्लॅटमध्ये राहणारे मित्र विचारतात, आम्ही काय करू? हॉलमध्ये शिरताना चार बाय चारचा चौकोन मोकळा काढा आणि तेवढाच दगडाचा करा. बाकी घरात टाइल असेल तर दगडाची जाडी त्रास देते, म्हणून पंधरा-वीस मिलिमीटरची पातळ फरशी मागा आणि दार आत उघडत असेल तर सुताराकडून त्याचा तळ रंधून घ्यायची तयारी ठेवा. एका बाजूला बसायला बाक. भिंतीचा जुना रंग तेलाचा असेल तर चुना त्यावर धरणार नाही. तिथे तो रंग नीट घासून घेऊन मातकट पांढरा साधा डिस्टेंपर चालेल. सोफा हातभर मागे सरकवावा लागेल, तर सरकवा.

आणि काम संपल्यावर चार-पाच फरश्या जास्तीच्या ठेवा. पुढे एखादी फुटली तर खाणीतला तोच थर पुन्हा मिळत नाही. दुसऱ्या थराची फरशी शेजारी ठेवली की लगेच वेगळी दिसते. आमच्या उरलेल्या फरश्या जिन्याखाली भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या आहेत. आडव्या एकावर एक रचू नका, मिस्त्री म्हणाले. खालच्या फरशीला स्वतःच्याच भावंडांचं वजन पेलत नाही.